पॅम्पानिटो : एक पाणबुडी, एक गणकयंत्र आणि समुद्रातली त्र्याहत्तर माणसे

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को बंदरात ४५ क्रमांकाच्या धक्क्याला एक करडी, लांबट नौका बांधून ठेवलेली आहे. तिचे नाव पॅम्पानिटो. हे एका माशाचे नाव आहे. त्या काळात अमेरिकी नौदल आपल्या पाणबुड्यांना माशांची नावे देत असे. दुसऱ्या महायुद्धात या पाणबुडीने पॅसिफिक महासागरात सहा मोहिमा केल्या आणि सहा जपानी जहाजे बुडवली. १९८२ सालापासून ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली आहे, आणि युद्धात परत न आलेल्या पाणबुड्यांचे ती एक स्मारकही आहे.

जगात अशा जतन केलेल्या पाणबुड्या अनेक आहेत. त्यांतली पॅम्पानिटोच आम्ही येथे निवडली, याला कारण आहे. या नौकेत एक गणकयंत्र आहे. ते युद्धकाळातले असून पुन्हा चालू स्थितीत आणलेले आहे. त्यातली चाके, दट्टे आणि चकत्या अकरावीतल्या त्रिकोणमितीचे एक गणित सोडवतात. याच नौकेने सप्टेंबर १९४४ मध्ये मृत्यूच्या दारातून त्र्याहत्तर माणसे परत आणली. हे गणित आणि ही माणसे यांचा संबंध एकाच ताफ्यावरच्या हल्ल्याशी आहे. संग्रहालयांत बहुधा यंत्र एका दालनात आणि माणसे दुसऱ्या दालनात असतात. पाणबुडीत तेवढी जागाच नसते.

प्रथम नौकेविषयी. पॅम्पानिटोचा सांगाडा पोर्ट्समथ येथील नौदलाच्या गोदीत तयार झाला. जुलै १९४३ मध्ये ती पाण्यात उतरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे ९५ मीटर, रुंदी जेमतेम सव्वाआठ मीटर. आत ऐंशीच्या आसपास माणसे. पुढच्या बाजूला टॉर्पेडो सोडण्याच्या सहा नळ्या आणि मागच्या बाजूला चार. एका वेळी २४ टॉर्पेडो बरोबर नेता येत.

पाणबुडी म्हटले की ती सदैव पाण्याखाली असते, असे मुलांना वाटते. अणुशक्तीवरच्या आजच्या पाणबुड्यांबाबत ते बरेचसे खरेही आहे. पॅम्पानिटोसारख्या नौका मात्र खरे पाहता पृष्ठभागावरच्याच, पण गरज पडल्यास बुडी मारू शकणाऱ्या नौका होत्या. पृष्ठभागावर त्यांची चार डिझेल इंजिने जनित्रे फिरवीत. त्या विजेवर मोटारी चालत आणि नौका ताशी वीस सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे वीस नॉटच्या वेगाने जाई. डिझेलला हवा लागते. पाण्याखाली हवा नाही, म्हणून तिथे सारी भिस्त बॅटरीवर. पॅम्पानिटोत बॅटरीचे २५२ घट होते आणि एकेका घटाचे वजन सुमारे पाऊण टन! एवढा साठा असूनही पाण्याखाली दोन नॉट वेगाने, म्हणजे माणूस चालतो त्याच वेगाने, ती सुमारे दोन दिवस राहू शके. वेग वाढवला की साठा झपाट्याने संपे. शिवाय घट भरताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो, आणि घटांतल्या आम्लात समुद्राचे खारे पाणी शिरले तर क्लोरीन तयार होतो. प्रयोगशाळेत आपण ज्या दोन वायूंबाबत मुलांना सावध करतो, त्यांच्यावरच हे नाविक अंथरूण टाकून झोपत. बॅटरीच्या कोठ्या झोपण्याच्या जागेच्या अगदी खाली असत.

बुडी मारण्यामागचे तत्त्व आर्किमिडीजचे. पृष्ठभागावर पॅम्पानिटो सुमारे १,५०० टन पाणी बाजूला सारते. पूर्ण बुडाली की सुमारे २,४०० टन. म्हणजे बुडण्यासाठी तिला सुमारे ९०० टन पाणी आपल्या टाक्यांत घ्यावे लागते. वर येताना हेच पाणी दाबाखालच्या हवेने बाहेर ढकलायचे. या वर्गाच्या नौकांना ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटर खोल जाण्याची मुभा होती. तेथे पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ किलोग्रॅम असतो. एका चौरस मीटरवर १२० टन होतात. वर्गातल्या टेबलाच्या फळीवर वीस-पंचवीस हत्ती उभे आहेत अशी कल्पना केली की पोलादी कवच किती जाड हवे ते कळते.

आता त्या गणकयंत्राकडे वळू. त्याचे नाव ‘टॉर्पेडो डेटा कॉम्प्युटर’. न्यू यॉर्कमधल्या आर्मा या कंपनीने ते तयार केले. ते पाणबुडीच्या मनोऱ्यातल्या अरुंद खोलीत बसवलेले असे. त्यात आजच्या संगणकासारखा पडदा नाही, स्मृती नाही, शून्य आणि एक हे अंकही नाहीत. पुढच्या बाजूला तबकड्या आणि हातांनी फिरवायच्या मुठी, आत दातेरी चाकांचा गच्च संसार.

त्याला सोडवायचा प्रश्न असा. आपण पाणबुडीत आहोत. समोर काही अंतरावरून एक जहाज चालले आहे. आपण टॉर्पेडो सोडायचा. पण तो पोहोचेपर्यंत जहाज पुढे गेलेले असणार. म्हणून जहाजाच्या पुढे नेम धरायचा. किती पुढे?

फळ्यावर एक त्रिकोण काढावा. ‘प’ ही पाणबुडी, ‘ज’ हे जहाजाचे आत्ताचे ठिकाण आणि ‘क’ हे टॉर्पेडो व जहाज यांची गाठ पडण्याचे ठिकाण. जहाजाचा वेग आणि लागणारा वेळ यांचा गुणाकार म्हणजे ‘ज-क’ ही बाजू. टॉर्पेडोचा वेग आणि तोच वेळ यांचा गुणाकार म्हणजे ‘प-क’ ही बाजू. आता साइनचा नियम लावू. ‘प’ कोनाची साइन भागिले ‘ज-क’ बरोबर ‘ज’ कोनाची साइन भागिले ‘प-क’. दोन्ही बाजूंतला वेळ सारखाच आहे, तो निघून जातो. उरते ते इतकेच : नेमाच्या कोनाची साइन म्हणजे जहाजाचा वेग भागिले टॉर्पेडोचा वेग, गुणिले ‘ज’ कोनाची साइन. यातली गंमत अशी की अंतर कोठेच राहिले नाही. जहाज एक किलोमीटरवर असो वा तीन, कोन तोच.

उदाहरण घेऊ. त्या काळच्या मार्क १४ टॉर्पेडोचा जास्तीत जास्त वेग ४६ नॉट होता. जहाज १० नॉटने आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात चालले आहे. १० भागिले ४६ म्हणजे सुमारे ०.२१७, तेव्हा कोन सुमारे साडेबारा अंश. जहाजाचा कोन ९० अंशांऐवजी ६० अंश असेल तर उत्तर सुमारे ११ अंश येते. लॉगची वही हाताशी असलेला विद्यार्थी हे दोन मिनिटांत करील.

मग यंत्र कशाला हवे? एक तर टॉर्पेडो नळीतून सुटताच हव्या त्या दिशेला जात नाही. प्रथम तो काही अंतर सरळ जातो, मग आतल्या जायरोस्कोपच्या आज्ञेने वळण घेतो आणि नंतर ठरलेल्या रेषेत धावतो. या वळणामुळे आपला सोपा त्रिकोण बिघडतो आणि अंतर पुन्हा हिशेबात येते. दुसरे, पाणबुडी स्वतःही चालत असते आणि वळत असते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जहाजाचा वेग आणि दिशा कोणी सांगत नाही. पेरिस्कोपमधून किंवा रडारवर पाहून त्यांचा अंदाज करावा लागतो. या अंदाजात थोडी चूक झाली तर काय होते ते पाहू. जहाज दोन हजार मीटरवर आहे. वरच्या उदाहरणाप्रमाणे टॉर्पेडोला पोहोचायला सुमारे ८७ सेकंद लागतात. वेगाच्या अंदाजात एका नॉटची चूक असेल तर तेवढ्या वेळात सुमारे ४५ मीटरची चूक होते. दीडशे मीटर लांबीच्या जहाजाच्या मध्यावर नेम धरला असेल तर हे चालून जाते. दोन नॉटची चूक झाली तर टॉर्पेडो जहाजाच्या पुढून किंवा मागून निघून जातो. म्हणूनच एकाऐवजी चार-सहा टॉर्पेडो थोड्या थोड्या कोनांच्या फरकाने, पंख्याच्या पात्यांसारखे सोडण्याची पद्धत होती.

यंत्राचे दोन भाग होते. एक भाग लक्ष्याच्या जागेचा सतत हिशेब ठेवी. पाणबुडीची दिशा आणि वेग त्याला तिच्या होकायंत्राकडून व वेगमापकाकडून आपोआप मिळत. लक्ष्याचा वेग आणि दिशा यांचा अंदाज मुठी फिरवून भरला की यंत्र स्वतःच पुढे हिशेब करू लागे : आत्ता लक्ष्य या दिशेला, इतक्या अंतरावर असले पाहिजे. मग पुन्हा पेरिस्कोपमधून किंवा रडारवरून मोजमाप घ्यायचे आणि यंत्राचे म्हणणे व प्रत्यक्ष जागा जुळते का ते पाहायचे. जुळत नसेल तर अंदाज दुरुस्त करायचा. दोनचार वेळा असे केले की वेग आणि दिशा पक्की होई. आमच्या मते या यंत्रातली खरी बुद्धिमत्ता येथे आहे. गृहीतक मांडायचे, त्यावरून भाकीत करायचे, निरीक्षणाशी ताडून पाहायचे आणि गृहीतक सुधारायचे, ही विज्ञानाची रीतच पितळेच्या चाकांत बसवलेली आहे. दुसरा भाग नेमाचा कोन काढी आणि तो नळीत तयार असलेल्या टॉर्पेडोच्या जायरोस्कोपपर्यंत आपोआप पोहोचवी. टॉर्पेडो सुटेपर्यंत कोन क्षणोक्षणी बदलत राही.

चाके हिशेब कसा करतात हे मुलांना दाखवता येते. बेरजेसाठी मोटारीच्या मागच्या आसात असते तसे ‘डिफरन्शियल’ वापरत. त्याच्या दोन आसांना दिलेली गती तिसऱ्यात एकत्र होते. वेगावरून अंतर काढायचे म्हणजे वेगाचे कालानुसार संकलन करायचे. त्यासाठी फिरती चकती आणि तिला टेकलेली गोळी. घरात जुनी ग्रामोफोनची तबकडी असेल तर ती फिरत ठेवून तिच्यावर एक लहान चाक उभे टेकवून पाहावे. चाक मध्याशी धरले तर ते जवळजवळ फिरत नाही. कडेला नेले की भराभर फिरते. तबकडी घड्याळाप्रमाणे एकाच गतीने फिरत असेल आणि चाकाचे मध्यापासूनचे अंतर वेगाच्या प्रमाणात ठेवले, तर चाकाने घेतलेले एकूण फेरे म्हणजे कापलेले अंतर. कॅल्क्युलसमधल्या संकलनाचे याहून सोपे प्रात्यक्षिक आम्हांला माहीत नाही.

पाणबुड्यांसाठी नेमाचे कोन काढणारी यंत्रे इतर नौदलांकडेही होती. अमेरिकी यंत्राचे वैशिष्ट्य म्हणजे कोन काढणे आणि लक्ष्याचा सतत मागोवा ठेवणे ही दोन्ही कामे त्यात एकत्र होती. अर्थात नेम बरोबर येऊनही भागत नसे. युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत मार्क १४ टॉर्पेडोच ठरल्यापेक्षा खोल जात आणि पुष्कळदा जहाजावर आदळूनही फुटत नसत. नाविक तक्रार करत आणि कार्यालयातले तज्ज्ञ नाविकांच्या नेमाला दोष देत. शेवटी पाणबुड्यांच्या अधिकाऱ्यांनी टॉर्पेडो जाळ्यावर सोडून त्यांची खोली मोजली, तेव्हा वाद मिटला. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९४४ साल येईपर्यंत हे दोष दूर झाले होते.

६ सप्टेंबर १९४४ रोजी सिंगापूरहून जपानकडे जाणारा एक ताफा निघाला. त्यात राकुयो मारू आणि काचिदोकी मारू ही दोन मोठी जहाजे होती. जपानी ताफ्यांचे सांकेतिक संदेश अमेरिकी तज्ज्ञांना वाचता येत होते. त्यावरून ताफ्याचा मार्ग पाणबुड्यांना कळवण्यात आला. ग्राउलर, सीलायन आणि पॅम्पानिटो या तीन पाणबुड्या दक्षिण चीन समुद्रात वाट पाहत होत्या.

१२ सप्टेंबरच्या पहाटे ग्राउलरने संरक्षक युद्धनौकांवर हल्ला केला. थोड्या वेळाने, उजाडण्यापूर्वी, सीलायनचे टॉर्पेडो राकुयो मारूला लागले. पॅम्पानिटो दिवसभर उरलेल्या ताफ्याच्या मागावर राहिली. रात्री पृष्ठभागावर येऊन, अंधारात रडारच्या आधाराने तिने जागा धरली. तिचे कप्तान पॉल समर्स यांनी प्रथम पुढच्या नळ्यांतून पाच टॉर्पेडो सोडले, मग नौका फिरवून मागच्या चारही नळ्या मोकळ्या केल्या. काचिदोकी मारू आणि झुइहो मारू ही जहाजे बुडाली. तबकड्या, चकत्या, गोळ्या सगळे बरोबर चालले होते. गणित अचूक होते.

काचिदोकी मारूच्या तळघरात नऊशे ब्रिटिश युद्धकैदी होते. राकुयो मारूवर तेराशेहून अधिक ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैदी होते. दोन्ही जहाजांवर कैदी असल्याची कोणतीही खूण नव्हती. यात आणखी एक विचित्र गोष्ट अशी की काचिदोकी मारू हे जहाज मुळात अमेरिकेतच बांधलेले होते. त्याचे नाव प्रेसिडेंट हॅरिसन. डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध सुरू झाले त्याच सुमारास ते चीनच्या किनाऱ्याजवळ जपान्यांच्या पाठलागात सापडले. कप्तानाने ते मुद्दाम खडकावर घातले. जपान्यांनी ते दुरुस्त करून नवे नाव दिले. काचिदोकी म्हणजे विजयघोष. तेव्हा अमेरिकी पाणबुडीने अमेरिकी बांधणीच्या जहाजावर टॉर्पेडो सोडला आणि आत मित्रराष्ट्रांचे सैनिक कोंडलेले होते.

त्या गणकयंत्रावर लक्ष्याच्या वेगाची तबकडी होती, अंतराची होती, दिशेची होती. जहाजाच्या पोटात कोण आहे, हे सांगणारी तबकडी नव्हती, आणि ती कोणी बनवूही शकले नसते. येथे पॅम्पानिटोच्या नाविकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांना कळायला मार्गच नव्हता. पण यंत्राचे कौतुक सांगताना या कैद्यांचे नाव गाळणे आम्हांला प्रामाणिक वाटत नाही.

राकुयो मारू लगेच बुडाले नाही. ते सुमारे बारा तास तरंगत राहिले. जपानी पहारेकऱ्यांनी होड्या घेतल्या. कैद्यांनी तरंगेल ते पाण्यात टाकले – फळ्या, तराफे, लाकडी झाकणे – आणि त्यांना धरून राहिले. जपानी युद्धनौकांनी आपली माणसे उचलली आणि कैद्यांना तिथेच सोडले. पुढे एका जपानी जहाजाने त्यांतले सुमारे १३६ जण उचलले. बाकीचे पाण्यातच राहिले. पाणी कोमट होते, पण पिण्याचे नव्हते. फुटलेल्या टाक्यांतले कच्चे तेल पाण्यावर पसरले होते. ते डोळ्यांत, तोंडात, जखमांत गेले. तहान असह्य झाल्यावर काहींनी समुद्राचे पाणी प्यायले. त्याचा परिणाम जीवशास्त्राचे शिक्षक जाणतातच. आपल्या मूत्रपिंडांना समुद्राइतके खारट मूत्र तयार करता येत नाही. प्यायलेल्या पाण्यातले मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीर त्याहून अधिक पाणी खर्च करते. प्यायल्याने तहान वाढते, मग भ्रम होतो आणि मृत्यू येतो.

१५ सप्टेंबरला दुपारी पॅम्पानिटो पुन्हा त्या भागातून जात असताना टेहळ्यांना पाण्यात माणसे दिसली. तेलाने काळी झालेली ती माणसे प्रथम जपानीच वाटली. जवळ गेल्यावर इंग्रजी हाका ऐकू आल्या. मग काय घडले आहे ते सर्वांच्या ध्यानात आले.

पुढचे काही तास नाविकांनी एक-एक तराफा शोधून काढला. पाण्यातल्या माणसांना दोर धरण्याचीही शक्ती नव्हती. म्हणून नाविक कमरेला दोर बांधून उड्या मारत आणि त्यांना ओढून आणत. हे सगळे शत्रूच्या विमानांच्या टप्प्यात, उघड्या समुद्रावर चालले होते. विमान दिसते तर पाणबुडीला डेकवरची माणसे तशीच टाकून बुडी मारावी लागली असती. अंधार पडेपर्यंत त्र्याहत्तर माणसे आत आली. अंगावरचे तेल पुसून, ओल्या फडक्याने ओठ भिजवून, मग थोडे थोडे पाणी आणि पातळ सूप देऊन त्यांना टॉर्पेडोंच्या रिकाम्या चौकटींवर आणि नाविकांच्या बिछान्यांवर निजवले. ऐंशी माणसांच्या नौकेत आता दीडशेहून अधिक माणसे होती. पाणबुडीवर डॉक्टर नव्हता, होता तो एक औषधोपचारक. त्याने जवळजवळ न झोपता या सर्वांची शुश्रूषा केली. एक जण वाटेत गेला. त्याला समुद्रातच निरोप देण्यात आला.

पॅम्पानिटोने बिनतारी संदेश पाठवून सीलायनलाही बोलावले. तिने चोपन्न जण उचलले. क्वीनफिश आणि बार्ब या दोन पाणबुड्या लांबून आल्या. वाटेत बार्बने एक जपानी विमानवाहू नौका बुडवली आणि त्यानंतर दोघींनी मिळून आणखी बत्तीस जण शोधले. मग वादळ आले आणि शोध थांबला. चार पाणबुड्यांनी मिळून १५९ जण वर काढले. त्यांतले सात किनारा गाठण्यापूर्वीच वारले. राकुयो मारूवरचे हजारापेक्षा अधिक कैदी परत आले नाहीत. काचिदोकी मारूवरच्या नऊशेंपैकी शेकडो गेले. उरलेल्यांना जपानी जहाजांनी उचलून जपानला नेले.

२० सप्टेंबरला पॅम्पानिटो सायपान बेटावर पोहोचली. वाचलेल्या सैनिकांनी जे सांगितले ते मित्रराष्ट्रांना तोवर तपशिलाने ठाऊक नव्हते. हे कैदी ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबलेले होते. जंगलातून, डोंगरातून सुमारे ४१५ किलोमीटरचा हा लोहमार्ग जपान्यांनी १९४२-४३ मध्ये घाईने बांधून घेतला. साठ हजारांहून अधिक युद्धकैदी त्यावर कामाला होते. त्यांतले सुमारे बारा हजार उपासमार, पटकी, हिवताप आणि मारहाण यांनी मेले. नोव्हेंबर १९४४ मध्ये या साक्षींवर आधारलेली निवेदने ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्या संसदांत करण्यात आली. हजारो घरांना आपल्या माणसांची पहिली खबर तेव्हा मिळाली.

आपल्या दृष्टीने या कथेची एक बाजू अंधारातच राहिली आहे. त्या लोहमार्गावर युद्धकैद्यांपेक्षा आशियाई मजूर अधिक होते. ब्रह्मी, मलायी, जावाचे, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले हजारो तमिळ. त्यांचे मृत्यू कैद्यांच्या कितीतरी पट होते. त्यांच्या छावण्यांत बहुधा डॉक्टर नव्हते, यादी ठेवणारा अधिकारी नव्हता. आमच्या शालेय इतिहासात सिंगापूरचा पाडाव येतो तो आझाद हिंद सेनेच्या संदर्भात. ते योग्यच आहे. पण त्याच सिंगापूर-मलायातून उत्तरेकडे गाड्या भरून गेलेल्या या मजुरांसाठीही दोन ओळी असायला हरकत नव्हती.

युद्ध संपल्यावर पॅम्पानिटो निवृत्त झाली. नंतर काही वर्षे ती राखीव नौसैनिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरली गेली. १९७१ मध्ये तिचे नाव नौदलाच्या यादीतून काढले, १९७६ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोतल्या सागरी संग्रहालयाशी संबंधित संस्थेकडे आली आणि १५ मार्च १९८२ रोजी लोकांसाठी खुली झाली. १९८६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून तिची इंजिने, स्वयंपाकघर आणि ते गणकयंत्र पुन्हा चालते केले. खाऱ्या पाण्यात उभे असलेले पोलाद मात्र कोणासाठी थांबत नाही. गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया चालूच असते. म्हणून अशा नौकांना ठरावीक काळाने सुक्या गोदीत नेऊन घासावे आणि रंगवावे लागते. पोलादाऐवजी जस्त झिजावे म्हणून तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. संग्रहालय-नौकेचा बराचसा खर्च असा पाण्यात जातो, अगदी शब्दशः.

स्मारक म्हणून तिच्या मागे उभे असलेले आकडे असे. अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या या युद्धात गेल्या आणि त्यांच्याबरोबर सुमारे साडेतीन हजार माणसे. मोहिमांवर जाणाऱ्या पाणबुडी-नाविकांत हे प्रमाण जवळपास पाचात एक येते. दुसऱ्या बाजूने, जपानने गमावलेल्या व्यापारी जहाजांपैकी निम्म्याहून अधिक या पाणबुड्यांनीच बुडवली. त्यांतही माणसे होती.

त्या ताफ्यावर चालून गेलेल्या तिघींपैकी ग्राउलर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९४४ मध्ये, सर्व नाविकांसह नाहीशी झाली. सीलायनला १९७८ मध्ये नेमबाजीच्या सरावासाठी बुडवण्यात आले. बचावाला धावलेल्या दोघींपैकी क्वीनफिशची गत तीच झाली. बार्ब इटलीला दिली गेली आणि शेवटी भंगारात निघाली. पॅम्पानिटो तेवढी उरली.

ज्यांना सॅन फ्रान्सिस्को दूर आहे, त्यांच्यासाठी विशाखापट्टणम आहे. तेथे समुद्रकिनाऱ्यावर, पाण्याबाहेर, वाळूत पक्क्या पायावर आपल्या नौदलाची कुरसुरा ही पाणबुडी २००२ सालापासून संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. रशियन बनावटीची ही नौका १९६९ मध्ये दाखल झाली आणि १९७१ च्या युद्धात होती. लांबी ९१ मीटर, म्हणजे पॅम्पानिटोच्या जवळपास. तीही डिझेल आणि बॅटरीवरच चालणारी. शाळेची सहल तिकडे जाणार असेल तर आधी वर्गात वरचा त्रिकोण सोडवून घ्यावा आणि मग मुलांना टॉर्पेडोच्या नळ्या मोजायला सांगाव्या. तिच्याही पुढे सहा आणि मागे चार आहेत.